पाटबंधारेवाल्या बाबांसोबत भर जुलैत वाळवंट

जुलैत डेथ व्हॅलीला जाऊ नये हे आम्हाला कोणी सांगायची गरज नव्हती. लॉस एंजेलिसजवळ राहणारी माणसं तिकडे डिसेंबर ते मार्चमध्ये जातात. पण मुलांच्या शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यातच, आणि आई-बाबा साताऱ्याहून येतात तेही तेव्हाच; पाऊस सुरू झाला की आईचे गुडघे धरतात, म्हणून ती जूनमध्ये निघते. तेव्हा जायचं ठरलं ते घड्याळ उलटं फिरवून. पहाटे चारला उठायचं, दहाच्या आत सावलीत यायचं, दुपारी पडदे ओढून झोपायचं आणि ऊन कललं की पुन्हा बाहेर. माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर. गाडीच्या डिकीत कपड्यांपेक्षा पाणी जास्त होतं.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. देवळात गेले तरी आधी कुंडाचं जास्तीचं पाणी कुठून बाहेर पडतं ते बघतात. वाळवंटात त्यांना काय बघायला मिळणार, असं आईला वाटत होतं.

गुरुवार : बेकर, फर्नेस क्रीक

बेकर या गावात रस्त्यालगत १३४ फूट उंचीचा तापमापक उभा आहे. १० जुलै १९१३ रोजी डेथ व्हॅलीत १३४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ५६.७ सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं, त्याची ही खूण. त्या नोंदीवर आता बरेच हवामानतज्ज्ञ शंका घेतात, पण विक्रम अजून तोच धरला जातो. आम्ही पोचलो तेव्हा आकडा १११ होता. इथे टाकी पूर्ण भरून घ्यावी, पुढे पेट्रोल महाग.

एका जुन्या दुकानाच्या भिंतीवर खिळ्याला जाड कापडाची पाण्याची पिशवी टांगलेली होती. बाबा थबकले. "अगं, ही तर छागल!" पूर्वी इकडचे लोक गाडीच्या पुढच्या दांड्याला अशीच पिशवी बांधून वाळवंट ओलांडायचे, कापड पाझरायचं, वारा लागायचा, आत पाणी गार. साइटवर जीपला छागल बांधून फिरल्याच्या गोष्टी बाबा मग पुढच्या शोशोनी गावापर्यंत सांगत होते. आईने गोष्टी ऐकता ऐकता आपला पंचा ओला करून बाटलीला गुंडाळला आणि खिडकी दोन बोटं उघडून त्या फटीशी धरला. दहा मिनिटांत बाटली गार. हवेत ओलावाच नाही म्हटल्यावर पंचा वाळायलाही तेवढाच वेळ लागला.

डेथ व्हॅलीतल्या फर्नेस क्रीकला संध्याकाळी सातला ११६ अंश होते, म्हणजे ४७ सेल्सिअसला थोडेच कमी. माहिती केंद्राबाहेर तापमानाचा मोठा फलक आहे आणि त्याच्यासोबत फोटो काढायला चक्क रांग. थोरलीने फोटो काढला आणि फोनने गरम झाल्याचा इशारा देऊन डोळे मिटले. खोलीतल्या नळाला गार पाणी नव्हतंच. दोन्ही तोट्यांना गरमच येत होतं. बाबांनी लगेच कारण सांगितलं: पाइप उथळ पुरलाय.

त्या ओसाडीत खजुराची झाडं आणि हिरवंगार गोल्फ मैदान बघून धाकट्याला ती फसवणूक वाटली. पण तिथे खरेच झरे आहेत, आणि टिंबिशा शोशोनी लोक त्यांच्या आधाराने शतकानुशतकं इथे राहत आले. आजही त्यांची वस्ती तिथे आहे.

शुक्रवार : बॅडवॉटर

साडेपाचला झाब्रिस्की पॉइंट. सूर्य पाठीमागून येतो, त्यामुळे आधी समोरच्या पॅनामिंट डोंगरांची टोकं गुलाबी होतात आणि उजेड हळूहळू खाली उतरतो. तेव्हाही ९४ अंश. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी कठड्यावर बसून खाल्ली.

बॅडवॉटर समुद्रसपाटीखाली २८२ फूट, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल जागा. मागच्या कड्यावर बरंच वर एक पाटी लावलेली आहे: समुद्रसपाटी इथे. ती शोधण्यात मुलांची मान दुखली. पुढे मिठाचा पांढरा सपाट पट्टा. मिठाच्या कडा उचलल्या जाऊन पाच-सहा कोनांचे तुकडे पडलेले असतात, बुटाखाली कुरकुरतात. बाबा वाकले, बोटाने कण उचलला, जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "मीठच आहे." मग थोडं थांबून, "आणि पाणी गेलं कुठे?"

तर हिशेब असा. इथे वर्षाला दोन इंचही पाऊस पडत नाही, आणि बाष्पीभवन होऊ शकतं दीडशे इंचांचं. बारा फूट खोल तळं वर्षभरात उडून जाईल. तरी ऑगस्ट २०२३ मध्ये हिलरी वादळाने एका दिवसात वर्षाहून जास्तीचा पाऊस टाकला आणि याच मिठावर तळं साचलं. ते पुढच्या वर्षापर्यंत टिकलं आणि लोकांनी त्यात होड्या चालवल्या. वाट नसलेलं खोरं आहे. आलेलं पाणी बाहेर पडत नाही, फक्त वर जातं आणि मीठ मागे ठेवतं. आपल्याकडे पाणी जास्त दिलेल्या जमिनींवर मीठ फुटतं ते याच कारणाने, फक्त तिथे वीस-पंचवीस वर्षं लागतात, असं बाबांचं म्हणणं.

आठच्या आत गाडीत बसलो. दहानंतर खालच्या भागात चालू नका, असे फलक जागोजागी आहेत आणि ते मनावर घ्यावेत. दर उन्हाळ्यात इथे माणसं दगावतात. वाटेत हार्मनी बोरॅक्सचे अवशेष पाहिले. १८८० च्या दशकात इथून टाकणखार भरून गाड्या निघायच्या, ओढायला अठरा खेचरं आणि दोन घोडे, आणि मोहावीचं रेल्वे स्टेशन १६५ मैल दूर. मालाच्या दोन अवजड गाड्यांमागे तिसरी गाडी फक्त पाण्याची, बाराशे गॅलनची. बाबांनी फोटो काढला तो त्या पाण्याच्या टाकीचा.

दरीतून वर चढताना एसी बंद करा, इंजिन तापेल, अशा पाट्या लागतात. खिडक्या उघड्या टाकून चढलो. लास व्हेगासला जेवणापुरते थांबलो. त्याबद्दल इतरांनी पुष्कळ लिहिलंय. युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे.

शनिवार : झायन

झायनच्या मुख्य दरीत हंगामात खाजगी गाड्या नेता येत नाहीत. २००० सालापासून मोफत बस आहे. सहाच्या बसला उभे राहिलो तर पुढे शंभरेक माणसं. शेवटच्या थांब्यावर रिव्हरसाइड वॉक सुरू होतो, जाऊन-येऊन सव्वादोन मैल, बहुतेक सपाट आणि फरसबंद. गुडघेदुखीवाल्यांनी झायनमध्ये हे एकच केलं तरी चालेल. एका बाजूला व्हर्जिन नदी आणि दुसऱ्या बाजूला हजार फूट सरळ कडा, त्यातून पाणी झिरपतंय आणि त्या ओलीवर नेचे लोंबताहेत. पठारावर पडलेलं पाणी वालुकाश्मातून झिरपत खाली यायला हजार-बाराशे वर्षं घेतं. आईने ओंजळ धरली तेव्हा बाबा म्हणाले, "ज्ञानेश्वरांच्याही आधीचं आहे ते." आईने उरलेलं डोळ्यांना लावलं.

नदी दिसायला अगदीच साधी, पोटरीएवढी. एवढीशी नदी असा कडा कापेल यावर धाकट्याचा विश्वास बसेना. पण ही नदी मैलाला पन्नास ते ऐंशी फूट उतरते, आणि खरं काम करते ती पुराच्या दिवसांत. माहिती केंद्रात रोज पुराचा अंदाज लावलेला असतो. त्या दिवशी ‘शक्य’ असं होतं. जुलैपासून इथेही मान्सून लागतो: दुपारी ढग, तासभर पाऊस आणि कोरड्या घळीत अचानक भिंतीएवढं पाणी. पाऊस आपल्या डोक्यावर पडायची गरजसुद्धा नसते. त्यामुळे नॅरोजमध्ये, म्हणजे जिथे नदीतूनच चालत जातात त्या चिंचोळ्या दरीत, नवरा आणि थोरली तासभर आत जाऊन परतले. पाण्यात विषारी शेवाळाची सूचनाही होती, तेव्हा डोकं बुडवायचं नाही, तोंडात पाणी जाऊ द्यायचं नाही. काठावरच्या खारी मात्र जास्त धोकादायक. त्यांनी आईच्या पिशवीतला खाकरा ओळखला होता.

दुपारी झोप. खोलीत लावलेल्या छोट्या कुकरचा मेतकूट-भात. संध्याकाळी धाकट्याने उद्यानातली मुलांसाठीची ज्युनियर रेंजरची वही पुरी करून उजवा हात वर धरून शपथ घेतली. शपथ देणाऱ्या रेंजरबाईंनी आजोबांनाही हात वर करायला लावला आणि बिल्ला दोघांनाही दिला. बाबांनी तो पुढचे सगळे दिवस शर्टाला लावला.

रविवार : ब्राइस, आषाढी एकादशी

१९३० सालचा, मैलाहून जास्त लांबीचा बोगदा पार करून पूर्वेला निघालो. कड्यात मध्ये मध्ये झरोके कोरलेत, त्यातून क्षणभर दरी दिसते.

ब्राइस तसं वाळवंट नाही. आठ हजार फुटांवर पाइनची झाडं, दुपारी ८० अंश. दोन दिवसांपूर्वीच्या भट्टीनंतर आईने शाल काढली. काठावर उभं राहिलं की खाली केशरी सुळके, हजारोंनी, खांद्याला खांदा लावून. आई बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "वाखरीला थांबल्यासारखी दिसतायत." त्याच दिवशी तिकडे पंढरपुरात गर्दी लोटली होती. पायूट लोकांच्या कथेत ही माणसंच आहेत, कोल्ह्यासारख्या कायोटीने शिक्षा म्हणून दगड केलेली.

भूशास्त्र पुन्हा पाण्यावर येतं. इथे वर्षातले दीडशेहून जास्त दिवस असे असतात की दिवसा बर्फ वितळतं आणि रात्री गोठतं. फटीत शिरलेलं पाणी गोठताना फुगतं आणि दगड फोडतं. मुख्य काम हेच.

उपवासाचं आईने सकाळीच झायनमध्ये बघून ठेवलं होतं. साबुदाणा भिजवलेला, पण त्या कोरड्या हवेत तो भिजेना. दोनदा पाणी शिंपडावं लागलं. खिचडी झाली ती मोटेलच्या मागच्या बाकावर, विजेच्या तव्यावर. शेजारच्या जर्मन कुटुंबाने चव घेतली आणि दाण्याचं कूट म्हणजे काय ते विचारून घेतलं.

ब्राइसचं रात्रीचं आकाश प्रसिद्ध आहे, पण नवऱ्याची दुर्बीण पेटीतच राहिली. शुक्ल एकादशीचा चंद्र डोक्यावर. आकाशगंगा बघायची तर अमावास्येच्या आसपास जावं. सुळक्यांवरचं चांदणं बघायचं तर आमच्यासारखं.

सोमवार : हायवे १२ आणि फ्रुटा

या प्रवासातला माझा सगळ्यात आवडता दिवस. हायवे १२ एका ठिकाणी डोंगराच्या धारेवरून जातो, दोन्हीकडे उतार आणि कठडा नाही. आईने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. ती संपायच्या आत धार संपली.

कॅपिटल रीफमध्ये गर्दी कमी. लाल कड्यांच्या मध्ये फ्रेमाँट नदीच्या काठाला फ्रुटा नावाची जुनी वस्ती आहे. १८८० च्या दशकात मॉर्मन लोक आले, दहाच्या वर कुटुंबं कधीच नव्हती, पण त्यांनी फळबागा लावल्या आणि त्या आज राष्ट्रीय उद्यान सांभाळतं, दोन हजारांच्या आसपास झाडं. पिकलेल्या बागेवर फलक लावतात. आत जायचं, झाडाखाली पोटभर खायचं, त्याला पैसे नाहीत. घरी न्यायचं ते काट्यावर तोलून पैसे पेटीत टाकायचे. बघायला कोणी नसतं. आम्हाला जर्दाळू मिळाले. आईने जन्मभर जर्दाळू सुका, खिरीत घालायचाच पाहिलेला. ऊन लागून गरम झालेला, बोटाने दाबल्यावर दोन फाका होणारा जर्दाळू खाऊन ती तीन पायांच्या शिडीवर चढायला निघाली, तेव्हा खाली उतरवावं लागलं.

बाबा कुठे दिसेनात. शोधलं तर बागेच्या टोकाला पाटावर उकिडवे बसलेले. या बागांना आजही नदीतून वळवलेल्या पाटाचंच पाणी मिळतं, उताराने. एक कामगार फावडं घेऊन दारं धरत होता. एका सरीचं दार मातीने बंद करायचं, पुढच्या सरीचं फोडायचं, पाणी टोकाला पोचेपर्यंत थांबायचं. बाबांनी थोरलीला दुभाषी केलं. पाळी किती दिवसांनी? रात्रीही सोडता का? तो म्हणाला, कधी कधी रात्रीही यावं लागतं. "सांग त्याला," बाबा म्हणाले, "रात्रीची पाळी सगळीकडे असते आणि टेलच्या, पाटाच्या अगदी शेवटच्या माणसाला पाणी कुठेच पोचत नाही." थोरलीने कसं सांगितलं कोण जाणे, पण तो हसला आणि फावडं बाबांच्या हातात दिलं. बाबांनी दोन घाव घालून एक दार व्यवस्थित फोडलं.

जवळच हायवे २४ लगत कड्यावर फ्रेमाँट लोकांची कोरीव चित्रं आहेत, हजार वर्षांपूर्वीची: रुंद खांद्यांची माणसं, शिंगांच्या मेंढ्या. तेही याच नदीवर मका आणि भोपळा पिकवायचे.

मंगळवार, बुधवार : मोअब

मोअबजवळच्या आर्चेस उद्यानात दोन हजारांहून जास्त दगडी कमानी आहेत. खाली मिठाचा जाड थर, पुरातन समुद्र आटून राहिलेला. वरच्या दगडाच्या भाराने मीठ सरकलं, दगडाला समांतर भेगा पडल्या, उभ्या पातळ भिंती राहिल्या आणि पाण्याने त्या भिंतींना भोकं पाडली. लँडस्केप आर्च ३०६ फूट लांब आणि एका जागी जेमतेम सहा फूट जाड. १९९१ मध्ये तिचा साठ फुटी पापुद्रा कोसळला तेव्हा खाली लोक बसले होते. ते पळाले आणि वाचले. आता खाली जाऊ देत नाहीत. २००८ मध्ये जवळचीच वॉल आर्च रात्रीत पडली.

इथे पायवाट सोडू नये याचं एक बारीकसं कारण जमिनीवर दिसतं. वाळूवर काळसर, खडबडीत साय असते. सायनोबॅक्टेरिया, दगडफूल आणि शेवाळ यांनी वाळू धरून ठेवलेली असते. एक पाऊल पडलं की ती भरायला कित्येक वर्षं जातात. ‘ही जिवंत आहे’ म्हटल्यावर धाकटा दोन्ही दिवस सगळ्यांच्या पायांवर पहारा देत होता.

बुधवारी आमची संध्याकाळ म्हणजे तिकडे गुरुपौर्णिमेची सकाळ. डेलिकेट आर्चची चढण जाऊन-येऊन तीन मैल आणि सावली शून्य, म्हणून आई-बाबा खालच्या सज्जावर थांबले आणि आम्ही सहाला निघालो. वर दीडएकशे लोक कोरड्या खडकावर बसलेले. मावळतीचं ऊन कमानीवर आलं आणि तिच्या मागे ला साल डोंगरांच्या बाजूने चंद्र वर आला. एक गृहस्थ फोटोसाठी कमानीखाली उभे राहिले ते हलेचनात. दीडशे माणसांनी मिळून त्यांना हाका मारल्या.

गुरुवार : मॉन्युमेंट व्हॅली, पेज

मॉन्युमेंट व्हॅली नवाहो लोकांची आहे, राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही. सिनेमांमुळे इतकी ओळखीची झालीय की मला फारसं काही वाटलं नाही. लक्षात राहिली ती रस्त्यावर दिसणारी, मागे पाण्याची टाकी ठेवलेली पिकअप. नवाहो भागात बऱ्याच घरांना अजून नळ नाही, पाणी लांबून भरून न्यावं लागतं. आपल्या माणदेशात टँकर बघितलेल्याला हे वेगळं सांगायला नको. बाबा त्या पिकअपा मोजत होते.

घड्याळाचा घोळ इथे होतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, पण नवाहो भाग करतो. रस्ता आत-बाहेर होत गेला की फोन तासभर पुढेमागे उड्या मारतो.

शुक्रवार : ग्लेन कॅन्यन धरण, ग्रँड कॅन्यन

पेजचा फेरा फक्त बाबांसाठी घेतला. ग्लेन कॅन्यन धरण ७१० फूट उंच, म्हणजे कोयनेच्या दुपटीहून जास्त. मागचा लेक पॉवेल भरला तर हजार टीएमसीच्या आसपास. कोयना १०५. हा आकडा ऐकून आईसुद्धा कठड्याशी आली. पण तलाव भरलेला नव्हता. लाल कड्यांवर उंचच उंच पांढरा पट्टा, पूर्वी पाणी कुठवर होतं ते दाखवणारा.

"त्र्याऐंशीत इथे काय झालं माहितेय?" बाबांनी विचारलं. १९८३ च्या जूनमध्ये इतकं पाणी आलं की सांडव्याच्या बोगद्यांचं अस्तर उखडलं, आणि तलाव ओसंडू नये म्हणून सांडव्याच्या दारांवर प्लायवूडच्या फळ्या उभ्या केल्या गेल्या. एवढं धरण आणि वर प्लायवूड! खात्यातल्या प्रशिक्षणात हे उदाहरण त्यांना शिकवलं होतं. आता बरोबर उलटी अडचण. १९२२ मध्ये याच कोलोरॅडो नदीचं पाणी सात राज्यांत वाटण्याचा करार झाला तो ओल्या वर्षांचे आकडे धरून. नदीत तेवढं पाणी नाहीच. "कृष्णेचं पाणी वाटणाऱ्या आमच्या बच्छावत लवादाने निदान किती टक्के वर्षांत किती मिळेल ते तरी लिहिलं होतं," हा शेरा त्यांनी धरणाकडे बघून मारला.

दुपारी डेझर्ट व्ह्यू. १९३२ चा दगडी मनोरा आणि समोर ग्रँड कॅन्यन, मैलभर खोल, काही ठिकाणी अठरा मैल रुंद. ज्या नदीला आपण सकाळी भिंतीने अडवलेलं पाहिलं ती इथे तळाशी एक हिरवट दोरा. इथल्या सुळक्यांना नावं आहेत विष्णू, ब्रह्मा, शिव. भूवैज्ञानिक क्लॅरेन्स डटन याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा पाडली, देवळांची शिखरं वाटली म्हणून. तळाच्या १७० कोटी वर्षांच्या काळ्या खडकाचं नावही विष्णू शिस्ट. नकाशावर विष्णू टेंपल डेझर्ट व्ह्यूवरून दिसायला हवा होता, पण उत्तरेकडून मान्सूनचा करडा पडदा आला आणि दरीचा तो भाग पुसला गेला. विजा चमकायला लागल्यावर सगळ्यांना कठड्यापासून मागे घेतलं. पाऊस खाली पोचतच नव्हता, अधांतरीच विरत होता. बाबा गाडीच्या काचेतून ते बघत बसले.

शनिवार : परत

सकाळी मेदर पॉइंटवरून ब्रह्मा आणि झोरोआस्टर हे सुळके लख्ख दिसले. नंतर किंगमन, नीडल्स, आणि नीडल्सला पुन्हा ११५ अंश. मोहावीतून जाताना बाबांनी साताऱ्याला मित्राला फोन लावला. तिकडे मुसळधार पाऊस, कोयनेची आवक वाढलेली. आधी दहा मिनिटं त्याचीच चौकशी झाली. मग पलीकडून विचारलं असणार, काय पाहिलं.

"ब्रह्मदेव दिसला," बाबा म्हणाले. "विष्णू पावसात होता. आणि जर्दाळूच्या बागेत दारं धरून आलो. नाही रे, खरंच. फावडं त्यांचंच."